गाडीला जमीन हवी

मोटारींविषयी चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे आधीच सांगून टाकते. बत्तीस वर्षे मी शाळेत भूगोल शिकवला. नद्यांची उगमस्थाने आणि खनिजांचे पट्टे यांपलीकडे माझे ज्ञान फारसे जात नव्हते. परंतु गेल्या दीड वर्षात नशिबाने मला उतारवयात विद्यार्थिनी केले, आणि विषय निघाला विजेवर चालणारी मोटार. तो अभ्यास मी हौसेने केला नाही, गरजेने केला. आपल्या घरांतूनही अशा गाड्या येऊ लागल्या आहेत, म्हणून हे अनुभव लिहून ठेवावेसे वाटले.

आमची लांजी बालाघाट जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला. जुना किल्ला, लंजकाईचे देऊळ, सभोवती धानाची बांधी. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर, भंडारा हे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. कागदावर रेघ ओढली गेली, पण माणसांचे जाणेयेणे काही थांबले नाही. लेकी त्या बाजूला दिल्या, सुना त्या बाजूने आल्या, आणि दुखणे बळावले की आजही आमचा माणूस आमगाववरून गोंदियाचा रस्ता धरतो.

तोच रस्ता तीन वर्षांपूर्वी आमच्याही वाट्याला आला. यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आणि दर मंगळवारी व शुक्रवारी गोंदियाला डायलिसिस सुरू झाले. सकाळी आठला यंत्रावर घेतात आणि चार तासांनी सोडतात. येताना यांचे अंग अगदी गळून गेलेले असते. बसच्या फळीवर अशा माणसाला बसवून आणणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरी हे दुखणे आहे त्यालाच कळेल. भाड्याची जीप दर खेपेला परवडत नव्हती आणि वेळेवर मिळेल याचा भरवसाही नव्हता.

पुण्याचा आमचा मुलगा दिवाळीला आला. सारे पाहून तो म्हणाला, "आई, तू गाडी शीक. विजेची घेऊ. तिला क्लच नाही, गिअर नाही. तुला जमेल." वयाच्या साठाव्या वर्षी मी स्टिअरिंग हाती धरले. महिनाभरात आमगावपर्यंत आणि दोन महिन्यांत गोंदियापर्यंत जाऊ लागले. जाऊन येऊन शंभर किलोमीटरांच्या आसपास होतात, त्याला चौदा-पंधरा युनिटे वीज लागते. रात्री अंगणातल्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटला गाडी लावायची आणि पहाटे निघायचे. तासाला तीन युनिटे भरतात, म्हणजे एका खेपेची वीज पाच तासांत भरून होई. मला ती गाडी लक्ष्मीसारखी वाटू लागली होती.

चैत्र सरला, वैशाखाचे ऊन तापू लागले, आणि एका सोमवारी रात्री दहा वाजता चार्जरच्या डबीवर हिरव्याऐवजी लाल दिवा लागला. प्लग काढून पुन्हा लावला. पुन्हा लालच. गाडीत वीज उरली होती बारा टक्के, आणि सकाळी मंगळवार!

शेजारच्या आळीतला एक मुलगा वायरिंगची कामे करतो. एके काळी तो माझ्याच वर्गात होता. रात्री त्याला उठवून आणले. त्याने सॉकेटला मीटर लावला, इकडे तिकडे पाहिले आणि म्हणाला, "मॅडमजी, वीज आहे, पण तुमच्या गाडीला जमीनच मिळत नाही."

मला आधी उमगेना. मग त्याने समजावून सांगितले. सॉकेटला तीन भोके असतात. दोहोंतून वीज येते-जाते. तिसरे, मोठे भोक अर्थिंगचे. त्याची तार जमिनीत पुरलेल्या नळाला जोडलेली असते. आपल्या मिक्सरला किंवा इस्त्रीला ती तार तुटलेली असली तरी कळत नाही, ती मुकाट्याने चालत राहतात. विजेची मोटार मात्र तशी भोळी नाही. वीज घेण्याआधी गाडी आणि चार्जर एका बारीक तारेवरून एकमेकांशी बोलतात. सेकंदाला हजार ठोके पडतील असा तो इशारा असतो. किती वीज घ्यायची हे त्यावरून ठरते. चार्जर त्याआधी जमीन शाबूत आहे की नाही ते तपासून घेतो. जमीन सापडली नाही तर तो वीज पुढे सोडतच नाही.

यामागे कारण आहे. गाडी रबरी चाकांवर उभी असते. आत कुठे वीज पाझरली तर ती पत्र्यात साठून राहते, आणि ओल्या अंगणात अनवाणी उभ्या असलेल्या माणसाने दाराला हात लावला की त्याच्या अंगातून जमिनीत उतरते. ती त्याऐवजी तारेतून उतरावी, यासाठी तिसऱ्या भोकाची योजना आहे.

आमचे घर १९८४ सालचे. तेव्हा पुरलेला नळ गंजून गेला होता आणि वैशाखात माती भेगाळून कोरडी पडली होती. कोरडी माती विजेला वाट देत नाही. चाळीस वर्षे घरातली सारी उपकरणे अशीच बिनजमिनीची चालली होती, हे त्या लाल दिव्याने प्रथम सांगितले.

मुलगा थोडा घुटमळला आणि म्हणाला, "मॅडमजी, एक जुगाड आहे. प्लगमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो. गाडी फसते, चार्ज होते. पुष्कळ लोक करतात."

खोटे कशाला सांगू, मला मोह झाला. घड्याळात साडेदहा वाजले होते. शुक्रवारनंतर चार दिवसांचे साठलेले पाणी यांच्या अंगात होते, पायांवर सूज दिसत होती, आणि सकाळचे आठ मला डोळ्यांपुढे दिसत होते. एका रात्रीचा तर प्रश्न, असे ओठांवर आलेही होते.

हे ओसरीवर खुर्चीत बसून ऐकत होते. सिंचन खात्यात ओव्हरसियर म्हणून यांची हयात गेली, पंपांची आणि मोटारींची यांना जाण आहे. म्हणाले, "खांबावरची न्यूट्रल तुटली तर काय होईल, सांग बरं त्याला." मुलगा मान खाली घालून म्हणाला, "पूरी गाडीत करंट येईल, बाबूजी." तेव्हा हे मला म्हणाले, "मी गेलो तर दुखण्याने गेलो म्हणतील. पण पहाटे दुधाला येणाऱ्या पोराचा गाडीला हात लागला, तर आपण काय म्हणायचं?"

यावर बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. त्या रात्री चार घरांची दारे वाजवली. शेवटी एका पोवार कुटुंबाने आपली जीप दिली आणि थोरला मुलगाही सोबत दिला. डायलिसिस चुकले नाही.

त्याच आठवड्यात अंगणात नवा खड्डा खणला. आठ फुटी नळ, त्याभोवती कोळशाचा एक आणि मिठाचा एक असे थर, वर पाणी ओतायला नरसाळे, आणि तिथून सॉकेटपर्यंत तांब्याची जाड तार. गाडीसाठी मीटरपासून स्वतंत्र लाइन ओढली, तिच्यावर वीज पाझरताच बंद पडणारा स्विच बसवला. मुलाने एक व्होल्टेजचा मीटरही भिंतीवर लावून दिला. शेतांतले पंप आणि धानगिरण्या चालू असल्या की संध्याकाळी आमच्याकडे दोनशेतीसचे एकशेऐंशी होतात आणि चार्जिंगला सुमारे सव्वापट वेळ लागतो, हे त्यावरून कळले. मी सवयीने एका वहीत रोजचे आकडे टिपू लागले. शिक्षकी पेशाची खोड, दुसरे काय! पण या वहीनेच पुढे माझी लाज राखली.

श्रावणात गाडी पुन्हा अडली. या वेळी जमीन ठीक, व्होल्टेज ठीक, डबीवरचा दिवाही हिरवा, पण गाडी वीज घेईना. मुलाने हात टेकले. "हे गाडीच्या पोटातलं आहे," तो म्हणाला. त्याचे म्हणणे खरे ठरले. घरची वीज असते उलटसुलट वाहणारी, बॅटरीला लागते एकाच दिशेची. हा बदल करणारा चार्जर गाडीच्या आतच बसवलेला असतो, तो निकामी झाला होता. बाहेरची डबी ही केवळ पहारेकरी. पेट्रोलपंपांवरचे मोठे जलद चार्जर मात्र सरळ बॅटरीलाच योग्य ती वीज देतात, आतल्या चार्जरची त्यांना गरज नसते. ही एक गोष्ट समजल्यामुळे गाडी ट्रकवर न घालता, वाटेतल्या एका पंपावर भरून घेत, मी स्वतः चालवत शहरातल्या वर्कशॉपपर्यंत नेली.

त्या शहराचे आणि त्या डीलरचे नाव मी लिहीत नाही. गाडी घेतली तेव्हा हार, पेढे, नारळ आणि फोटो असा थाट होता. दुरुस्तीच्या खिडकीवर प्रथम प्रश्न आला, "गाडी मध्य प्रदेशची दिसते. तिकडेच का नेली नाही?" मी म्हणाले, "वॉरंटी कंपनीची आहे ना, राज्याची तर नाही?" मग गाडी घेतली गेली. विजेच्या गाड्या उघडू शकणारा शिकलेला कारागीर तिथे एकच, आणि तो रजेवर. तो आल्यावर कळले की भाग बदलावा लागेल. भाग कारखान्यातून यायचा. कधी? "कळवतो, मॅडम."

कळवले कोणीच नाही. मी फोन करीत राहिले. दर वेळी नवा आवाज, नवी ओळख, आणि उत्तर तेच. गाडी एकाहत्तर दिवस तिथे उभी होती. तेवढ्या काळात गोंदियाच्या वीस खेपा झाल्या. काही भाड्याच्या जीपने, काही आमगावपर्यंत बसने आणि पुढे रेल्वेने. एकदा येताना गाडी उशिरा धावत होती. हे आमगावच्या फलाटावर वळकटीला टेकून झोपी गेले. त्या दिवशी मला रडू आले. आपण फसलो याचे ते दुःख नव्हते. आपण कोणाच्या तरी वहीतला एक नंबर झालो आहोत, याचे होते.

दीड महिन्यानंतर तोंडी सांगण्यात आले की बिघाड "गावाकडच्या विजेमुळे" झाला असावा, तेव्हा वॉरंटीत बसेल की नाही ते पाहावे लागेल. तेव्हा मी माझी वही काढली. बिघाडाच्या रात्रीचे व्होल्टेज, त्याआधीच्या शंभर रात्रींचे व्होल्टेज, अर्थिंगच्या कामाची पावती, स्विचची पावती, आणि कोणत्या तारखेला कोणी काय उत्तर दिले त्याची नोंद. सगळ्याच्या प्रती जोडून डीलरला आणि कंपनीला लेखी तक्रार पाठवली. अशा गाड्यांतला हा भाग खेड्यातल्या विजेनेच बिघडतो असे नाही, हेही लिहिले. २०२४ च्या जूनमध्ये ह्युंदाई कंपनीने आपल्या आयोनिक ५ या महागड्या विजेच्या मोटारीच्या भारतातील १,७४४ गाड्या चार्जिंगच्या नियंत्रक भागातील संभाव्य दोषासाठी स्वतःहून परत तपासायला बोलावल्या होत्या. आमची गाडी दुसऱ्या कंपनीची आणि पुष्कळ स्वस्त. पण दोष यंत्रात असू शकतो हे मोठ्यांनाही कबूल करावे लागते, एवढाच माझा मुद्दा.

सोबतच १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० च्या जुलैपासून लागू झाला, त्यात एक मोठी सोय आहे. ग्राहक जिथे राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे त्याला दाद मागता येते, डीलर कुठलाही असो. म्हणजे मला बालाघाटला जाता आले असते. तसे मी पत्रात लिहिले. भांडणाचा सूर मुळीच लावला नाही. आठवड्यातून दोनदा ही गाडी कशासाठी लागते, तेवढे मात्र सांगितले.

बारा दिवसांत भाग आला आणि तो वॉरंटीत बदलून मिळाला. गाडी दिवाळीच्या तोंडावर घरी आली. ज्या कारागिराने काम केले तो किल्ली देताना म्हणाला, "काकू, मी एकटा आहे इथे. आठ गाड्या उभ्या आहेत." त्याच्या डोळ्यांत झोप होती. त्याच्यावर मला रागावता आले नाही. विकणारे हात दहा आणि दुरुस्त करणारा हात एक, हा हिशेब त्याने मांडलेला नव्हता.

वाचकांनी विजेची गाडी घेऊ नये, असे मी म्हणणार नाही. आजही आमची तीच गाडी गोंदियाला जाते आणि तिच्याइतके स्वस्त व सुखाचे वाहन मला दुसरे मिळाले नसते. एवढेच सांगेन की, गाडीचा रंग ठरवण्याआधी घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. रात्री आठ वाजता आपल्या गावात व्होल्टेज किती असते ते पाहावे. डीलरकडे गाड्या उघडणारे कारागीर किती आहेत आणि गाडी अडकली तर बदली वाहन देणार का, हे लिहून घ्यावे. आणि ज्यांच्या घरी दुखणे आहे त्यांनी वीज आदल्या दुपारीच भरावी, म्हणजे काही बिघडले तर दारे वाजवायला संध्याकाळ हाताशी राहते.

उन्हाळा आला की अर्थिंगच्या खड्ड्यात रोज पाणी ओतावे लागते. ते काम यांनी आपणहून घेतले आहे. डायलिसिसमुळे यांना दिवसाला पाणी अगदी मोजून प्यावे लागते, भर वैशाखातसुद्धा. सकाळी तुळशीला पाणी घालून झाले की हे काठी टेकत अंगणात जातात आणि नरसाळ्यात सावकाश बादली रिकामी करतात. परवा मला म्हणाले, "बघ, मला पेल्याने आणि हिला बादलीने!" आणि पाणी मुरेपर्यंत तिथेच उभे राहिले.