आजीच्या डब्यातला दाखला

आमच्या आजीकडे एक जुना पत्र्याचा डबा आहे. घरातल्या सगळ्यांचे जन्माचे, लग्नाचे आणि मृत्यूचे दाखले त्यात आहेत. आजी सगळे कागद दाखवते, पण एक कागद मात्र ती कधी बाहेर काढत नसे. तिच्या आजोबांचा, म्हणजे आमच्या खापरपणजोबांचा, १८७२ सालचा जन्मदाखला.

गेल्या सुट्टीत आम्ही भावंडांनी हट्टच धरला. दाखल्यावर आईचे नाव होते, त्यापुढे एक आकडा होता. वडिलांची जागा मात्र रिकामी! खापरपणजोबांच्या लग्नाच्या दाखल्यात वडिलांचे नाव आहे, पण गावातले लोक म्हणत की ते मागाहून घातलेले. आजी हळूच म्हणाली, "लोक काय काय बोलायचे, बाळांनो. म्हणून झाकून ठेवला."

बाबांनी त्या आकड्याचा अर्थ सांगितला. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' जहाजातून पहिले गिरमिटिये मॉरिशसला उतरले. पुढे साडेचार लाखांवर माणसे आली. प्रत्येकाला एक नंबर मिळे आणि वहीत नाव, वडिलांचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, गाव असे सगळे लिहीत. त्या वह्या आता मोका येथे महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत.

आम्ही बाबांबरोबर मोकाला गेलो. आजीपासून मागे जाणारे सगळे दाखले नेले, नंबर दिला आणि वाट पाहत बसलो. नोंद सापडली! मुंबई बंदरातून आलेली, वय २०, जिल्हा रत्नागिरी. बाजूला लिहिले होते की ही अमुक नंबरवाल्याची बायको. मग तो दुसरा नंबर काढला. तेच जहाज, वय २४, डाव्या भुवईवर व्रण. आणि नाव? लग्नाच्या दाखल्यातलेच!

म्हणजे पोर्ट लुईच्या घाटाच्या पायऱ्या ती दोघे नवराबायको म्हणूनच चढली होती. मग जागा रिकामी का? बाबा म्हणाले, आपल्या रीतीने लावलेले लग्न कचेरीत नोंदवले नसेल, तर त्या काळी कायदा ते लग्न मानत नसे. दोष आपल्या माणसांचा नव्हता.

गावाचे नाव मात्र अजून लागलेले नाही. कारकुनाने कानाला आले तसे इंग्रजीत लिहिले आहे. आमच्या वर्गात गुरुजींनी ते तीन तऱ्हांनी मोठ्याने वाचून पाहिले, नकाशाही काढला. तुमच्या घरी कोणी रत्नागिरीकडचे असेल, तर आम्हांला जरूर भेटा.

घरी येऊन आम्ही आजीला सगळे वाचून दाखवले. तिने आम्हांला भुवईवरच्या व्रणाची ओळ दोनदा वाचायला लावली. मग म्हणाली, "गाव सापडेल तेव्हा सापडेल. बाप तर सापडला." तो दाखला आता डब्यात सगळ्यांत वर असतो.