शिळा भाव

एके काळी माणसाच्या धंद्याचे नाव ऐकले की तो दिवसभर काय करीत असेल याचे चित्र डोळ्यांपुढे उभे राही. लोहार म्हटले की भाता दिसे, वकील म्हटले की काळा कोट दिसे. आम्हा प्राध्यापकांविषयीही लोकांची एक कल्पना ठरलेली असे, मग ती कितीही अन्यायाची असो. परंतु माझा एक जुना विद्यार्थी दौंडात घरबसल्या जो उद्योग करतो त्याला मराठीत नाव नाही, आणि त्याच्या आईला तो अद्याप उमगलेला नाही. "सर, हा दिवसभर आकडे पुसतो आणि पुन्हा लिहितो," असे तिने मला एकदा सांगितले. पुढे तीन-चार वेळा त्याच्यापाशी जाऊन बसल्यावर, त्या माउलीने केलेली ही व्याख्या फारशी चुकलेली नाही असे मला आढळून आले.

शेअरबाजारात सकाळी सव्वानवापासून दुपारी साडेतीनपर्यंत जे सौदे होतात त्यांचे भाव क्षणाक्षणाला गावोगाव पोहोचतात. दुकानाच्या मागल्या खोलीत, घराच्या माडीवर, उसाच्या शेताच्या बांधावरसुद्धा, कोणी ना कोणी पडद्यावरचा आलेख पाहत बसलेला असतो. मिनिटाचा पहिला भाव, सर्वांत वरचा, सर्वांत खालचा आणि शेवटचा, अशा चार आकड्यांची एक उभी कांडी होते व अशा कांड्यांचा आलेख बनतो. आता 124 च्या जागी वाटेत कोठे तरी 1240 असा आकडा शिरला, की त्या कांडीला आभाळापर्यंत शेंडी फुटते. केवळ दिसायला वाईट एवढ्यावर हे थांबत नाही. त्या आकड्यावर आधारलेली सरासरी बिघडते, आणि 'भावाने अमुक रेषा ओलांडली की विकून टाक' असे ज्याने आपल्या यंत्राला सांगून ठेवले आहे, त्याचे यंत्र हुकूम पाळून मोकळे होते. असा उपरा आकडा हुडकणे, दुसऱ्या ठिकाणाहून आलेल्या आकड्याशी तो ताडून पाहणे, आणि संध्याकाळी बाजाराचा अधिकृत भावांचा तक्ता आला की त्याच्याशी सगळे पुन्हा पडताळणे, हे या मुलाचे काम. त्या तक्त्याला हे लोक 'भावकॉपी' म्हणतात. अर्धा देशी, अर्धा विलायती असा हा शब्द मला फार आवडला.

कधी कधी तर खरे आकडेच बदलल्याखेरीज आलेख खरा होत नाही. 28 ऑक्टोबर 2024 रोजी रिलायन्सच्या भागधारकांना एका शेअरमागे एक बक्षीस शेअर मिळाला. साहजिकच भाव सुमारे निम्म्यावर आला. मागचे सगळे भाव निम्मे करून घेतले नाहीत तर पडद्यावर कडा कोसळल्यासारखा दिसतो, आणि वास्तविक कोणाचा एक पैसाही गेलेला नसतो.

"मग फार वेगळा दिसेल तो आकडा यंत्रानेच का गाळू नये?" असा प्रश्न मी विचारला. त्याने उत्तरादाखल 20 एप्रिल 2020 हा दिवस सांगितला. त्या दिवशी अमेरिकेतील खनिज तेलाचा मे महिन्याचा वायदा पिंपामागे उणे 37.63 डॉलरवर बंद झाला. म्हणजे तेल घेऊन जाणाऱ्यालाच वर पैसे द्यावयाचे! उणे भाव ही गोष्टच कित्येक यंत्रांच्या कल्पनेत नव्हती, आणि त्यांनी तो दाखविण्याचे नाकारले. मुंबईच्या वायदेबाजाराला त्याच हिशेबाने उणे 2,884 रुपये असा भाव लावावा लागला. शहाण्या गाळणीने त्या दिवशी गाळले असते ते सत्यच.

हे ऐकताना मला पुण्याच्या भांडारकर संस्थेतील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची आठवण झाली. 1919 साली आरंभिलेले ते काम 1966 साली पुरे झाले; डॉ. सुकथनकरांसारख्या विद्वानाने त्यात आयुष्य घातले. तेथेही हाच पेच. पोथीतला एखादा शब्द अवघड वाटला म्हणून तो लेखनिकाचा प्रमाद ठरत नाही. उलट पुष्कळदा अवघड पाठ हाच मूळचा असतो, आणि सोपा पाठ कोणा भल्या माणसाने मागाहून बसविलेला असतो. माझा विद्यार्थी वर्गात पाठचिकित्सेच्या तासाला मागल्या बाकावर पेंगत असे. आता तो रोज सकाळपासून तेच करतो, आणि मी मात्र त्यावर नुसता बोलतो.

परंतु चुकीच्या आकड्याहूनही वाईट असा एक आकडा असतो, आणि तो म्हणजे शिळा आकडा. मध्येच कोठे प्रवाह तुटला तर पडद्यावर शेवटचा भाव तसाच शांतपणे उभा राहतो. आम्ही दौंडकर रेल्वेच्या शिट्ट्यांवर वाढलेली माणसे. जुन्या हाताच्या सिग्नलची तार तुटली तर तो हात आपोआप आडवा होई, म्हणजे गाडी थांबे. बिघाड झाला की धोक्याचीच खूण उमटावी, असे रेल्वे बांधणाऱ्यांनी योजून ठेवले होते. पडद्यावरचा भाव नेमका उलटा वागतो: तार तुटली की तो 'सर्व ठीक आहे' असेच सांगत राहतो. 24 फेब्रुवारी 2021 रोजी राष्ट्रीय शेअरबाजाराच्या दूरसंचार जोडण्या बिघडल्या, तेव्हा निर्देशांकाचे आकडे आधी हलेनासे झाले आणि मग 11 वाजून 40 मिनिटांनी व्यवहार थांबविण्यात आले. ते पुन्हा सुरू झाले पावणेचारास. तेथे निदान सर्वांनाच कळले. एकट्याचाच पडदा गोठला तर कोणाला कळावयाचे?

शिरूरकडील एका निवृत्त शिक्षकांवर हा प्रसंग आला. अकरा मिनिटे त्यांच्या पडद्यावर एकच भाव होता. तो स्थिर आहे असे समजून त्यांनी सौदा केला आणि काही हजार रुपये गमावले. दुपारपर्यंत भाव पुरविणाऱ्या कंपनीने मधली मिनिटे भरून काढली. दुसऱ्या दिवशी गुरुजी आलेख उघडून पाहतात तो तेथे काहीच नाही! रेषा कशी गुळगुळीत. दुरुस्तीने चुकीबरोबर चुकीचा पुरावाही पुसून टाकला होता.

माझ्या विद्यार्थ्याची एक वही आहे. पुसलेला प्रत्येक आकडा, त्याची वेळ आणि त्याच्या जागी काय लिहिले, हे तो तीत टिपून ठेवतो. मालकांना ही सवय पसंत नव्हती. "दुरुस्त झाले ना? मग होते हे कशाला सांगायचे?" असे त्यांचे म्हणणे. त्याने तरीही ते पान गुरुजींना पाठविले, आणि पुढे त्या कंपनीत त्याचे फार दिवस निभले नाही. आता तो स्वतंत्रपणे हेच काम करतो. प्राप्ती पूर्वीहून कमी आहे. गुरुजींना पैसे परत मिळाले नाहीत, कारण आकड्यांच्या अचूकपणाची हमी नाही असे करारात बारीक अक्षरांत लिहिलेले होते. पण त्यांनी फोनवर त्याला जे सांगितले ते मला विसरता येत नाही. "पैसे गेले ते गेले रे बाळा. मला वाटले होते, माझे डोळेच गेले."

तरी एक गोष्ट माझ्या मनातून जाईना, आणि ती मी त्याला विचारली. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे, मागील तीन आर्थिक वर्षांत शेअरबाजारातील वायद्यांचे व्यवहार करणाऱ्या शंभर व्यक्तींपैकी त्र्याण्णवांना तोटा झाला. एकूण तोटा 1.8 लाख कोटी रुपयांहून अधिक. मग आकडे एवढे निर्मळ करून कोणाचे काय भले होते? तो जरा वेळ गप्प राहिला. "सर, त्या त्र्याण्णवांतले बहुतेक जण बरोबर आकडे पाहूनच बुडाले असतील. ते मला थांबविता येत नाही. पण बुडणाऱ्याला पाणी किती खोल होते हे तरी खरे कळावे." मला हे उत्तर पुरते पटले नाही, त्यालाही ते पुरते पटले असेल असे वाटत नाही.

पुढे बोलावे तो फोन वाजला. नोव्हेंबर लागला होता. अमेरिकेत या सुमारास घड्याळे तासभर मागे घेतात, आणि त्यांच्यामागोमाग मुंबईचा वायदेबाजार रात्री साडेअकराऐवजी अकरा पंचावन्नला बंद होऊ लागतो; या गोंधळात दरवर्षी कोणाचा ना कोणाचा आलेख तासाने सरकतो. "काका, तुमचे घड्याळ बरोबर आहे," तो समजावून सांगू लागला, "त्याला हात लावू नका. मी इकडून पाहतो." आणि त्याने वही पुढे ओढली.