पंप आणि चूळ

आमच्या फुलसावंगीत पंप म्हणजे पाठीवर बांधून कपाशीवर फवारायचा. त्यामुळे पुतण्याला दम्याचा पंप दिला, तेव्हा आई दचकलीच. "फवारनीचा पंप लेकराच्या तोंडात? काय बाप्पा!" 2017 साली फवारणीच्या विषबाधेनं आमच्या जिल्ह्यात माणसं गेली, तिच्या भीतीला हसवत नाही.

माझ्या लहानपणी, ऐंशीच्या दशकात, धाप लागली की रात्रभर उशांच्या उतरंडीला टेकून बसायचं. आई छातीला कोमट तेल चोळी. उजाडलं की एसटीनं पुसद. तिथं शिरेतून अमिनोफायलिनचं इंजेक्शन, इतकं सावकाश की डॉक्टरांची नजर सुईपेक्षा घड्याळावर जास्त. कोजागिरीला चांदण्यात ठेवलेली औषधाची खीर. दमा तसाच राही, खीर मात्र मला आवडायची. आणि त्या बारक्या स्टेरॉइडच्या गोळ्या! धाप थांबे, गाल फुगत. मावशी म्हणे, "पोरगं बाळसं धरू लागलं." ती औषधाची सूज होती, हे कळेस्तोवर मला मिशा फुटल्या.

पंपानं ओढून घ्यायचं स्टेरॉइड, बेक्लोमेथासोन, खरं तर 1972 सालीच आलं होतं. आमच्या गल्लीत यायला त्याला एक पिढी लागली. गोळीचं माप मिलिग्रॅमचं, पंपाचं मायक्रोग्रॅमचं, आणि औषध थेट फुप्फुसात. फक्त वाटेत घसा लागतो. तिथं ते साचलं की कँडिडा नावाच्या बुरशीचं फावतं. पुतण्याचा आवाज बसला, जिभेवर दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे डाग आले. "म्या म्हनलंच होतं," आई म्हणाली. पंप कपाटात जाणार, हे जवळपास ठरलं.

डॉक्टरांनी एकच विचारलं, "पंप घेतल्यावर चूळ भरतो का?" आम्ही सगळे एकमेकांकडं बघत राहिलो. बुरशीवर तोंडात लावायचं औषध मिळालं. आमच्या वेळी असल्या तोंडाला जांभळं औषध फासत, मग दोन दिवस जीभ जांभळी. पंपाला स्पेसर जोडायला सांगितला. औषधाचे जड थेंब त्या नळकांड्यातच राहतात, घशावर आदळत नाहीत. पंप मात्र मनानं सोडायचा नाही, नाहीतर धाप परत उलटते.

आता सकाळ-संध्याकाळ आई गडू घेऊन न्हाणीपाशी उभी असते.

"गिळू नको, थुक! अजून एक डाव."