दिग्दर्शन : सई परांजपे

मालिका संपली की घरातली माणसं उठून कामाला लागायची आणि मी तिथेच बसून नावं वाचायची. छायाचित्रण, संकलन, संगीत, सगळ्यांत शेवटी दिग्दर्शन. ही सवय वडिलांची. ते दौंडला रेल्वेत गार्ड होते. पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी तेव्हा दौंडला तोंड फिरवायची. इंजिन सुटायचं, फेरा मारून दुसऱ्या टोकाला लागायचं, आणि गार्ड अख्खा फलाट चालत इकडून तिकडे यायचा, मागून त्याची लोखंडी पेटी घेऊन बॉक्सबॉय. प्रवासी तेवढ्यात चहा-वडा उरकून घ्यायचे. गाडी उलटी निघाली की एखादं पोर दचकून विचारायचं, "आपण परत पुण्याला चाललो का?" वडील म्हणायचे, "नावं वाचत जावीत. काम कुणी केलं ते कळतं."

त्या वाचनात १९८४ साली एक नाव मनात रुतलं. मालिका होती 'अडोस पडोस', पडद्यावर अमोल पालेकर आणि दिग्दर्शनापुढे सई परांजपे. सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुणेकरांना १९७३पासून मुंबईचे कार्यक्रम दिसत होते, पण दौंडला येईपर्यंत त्या चित्राचा जीव अर्धा व्हायचा. उंच पाइपावर अँटेना, खाली बूस्टर. वारा सुटला की कुणीतरी वर चढून पाइप फिरवायचं आणि खालून आम्ही ओरडायचो, "आलं, आलं... गेलं!" त्या मुंग्यामुंग्यांच्या चित्रातही ती मालिका मला आपली वाटली. तिच्यातली माणसं आमच्या कॉलनीतल्यासारखी शेजारी होती. आणि हे सगळं एका बाईने घडवलं होतं, तेही आपल्या पुण्याच्या. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला तेवढं पुष्कळ होतं.

पुढे मिळेल तिथून मी त्यांच्याविषयी वाचत गेले. जन्म १९३८चा. आजोबा रँग्लर र. पु. परांजपे, आई शकुंतलाबाई, संततिनियमनाच्या कामासाठी अनेकांचा रोष पत्करलेल्या. सईंचं 'मुलांचा मेवा' हे पुस्तक आलं तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. मग पुणे आकाशवाणी, मुलांसाठी नाटकं, दिल्लीत राष्ट्रीय नाट्य विद्यालयात अल्काझींच्या हाताखाली शिक्षण, आणि त्यानंतर दिल्लीच्या टेलिव्हिजनवर निर्माती म्हणून कित्येक वर्षं नोकरी.

या नोकरीबद्दल लोक घाईने बोलतात आणि लगेच सिनेमांकडे वळतात. मला ते पटत नाही. दिल्लीत टेलिव्हिजन १९५९ साली सुरू झालं, रोजचं प्रक्षेपण १९६५मध्ये. सुरुवातीच्या काळात बहुतेक कार्यक्रम थेट जात. पुन्हा घेऊ, हा शब्दच नाही. स्टुडिओ लहान, पैसा त्याहून लहान. पडदा तर एवढा की गर्दी, डोंगर, लढाया काहीच त्याच्यावर मावायचं नाही. मावायचे ते चेहरे, खोलीतली दोन माणसं आणि त्यांचं बोलणं. अशा ठिकाणी वर्षानुवर्षं काम केलं की माणूस बोलताना मध्येच का थांबतो हे दिग्दर्शकाला कळायला लागतं. १९७२मध्ये सईंच्या 'द लिटल टी शॉप' या टेलिफिल्मला तेहरानमध्ये एशियन ब्रॉडकास्टिंग युनियनचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि त्याच्या उद्घाटनाच्या कार्यक्रमाची निर्मिती करायला त्यांनाच निवडलं गेलं. म्हणजे महाराष्ट्राच्या टेलिव्हिजनच्या पहिल्या संध्याकाळीच त्या तिथे होत्या. किती मराठी माणसांना हे ठाऊक आहे?

'स्पर्श' आणि 'चश्मे बद्दूर' या दोन्ही चित्रपटांचं मूळ त्यांनी दूरदर्शनसाठी केलेल्या कामातच आहे. एकाचं 'रैना'त, दुसऱ्याचं 'धुआँ धुआँ'मध्ये. 'चश्मे बद्दूर'मधली चमको पावडर विकायला दारात आलेली दीप्ती नवल आठवा. बादली, फेस, आणि समोर काय बोलावं ते न सुचणारा फारूख शेख. सगळा प्रसंग खोलीतल्या खोलीत. प्रेम जमतंय हे कुणी तोंडाने म्हणत नाही. ती सराईतपणे कंपनीचं पाठ केलेलं बोलते आणि तो ऐकत राहतो, एवढ्यावर ते तोललेलं आहे. छोट्या पडद्यावर हात बसलेला माणूसच हे असं करू शकतो.

'स्पर्श' मी कॉलेजात असताना पाहिला आणि मला केडगाव आठवलं. दौंड तालुक्यातच ते. तिथल्या पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये अंध स्त्रियांसाठी पूर्वीपासून वेगळा विभाग आहे. लहानपणी आईबरोबर आम्ही तिथे जायचो. एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून ओळीने चालणाऱ्या बायका पाहिल्या की आई हळहळायची, मीही हळहळायची. 'स्पर्श'मधला नसीरुद्दीन अंधशाळेचा मुख्याध्यापक आहे, आणि कुणी न मागता मदतीला धावलं की तो चिडतो. त्याला कीव नको आहे. पण सईंनी त्याला देवही केलेलं नाही. तो हट्टी आहे, प्रेम करणाऱ्या बाईवरही संशय घेणारा आहे. पुढे केडगावला गेले तेव्हा मी तिथल्या एका अंध बाईशी बसून गप्पा मारल्या. ती विणकाम करत होती आणि माझ्या स्वेटरची बाही चाचपून म्हणाली, "टाके सैल घेतलेत गं कुणीतरी." तो मीच विणला होता. एवढ्या मोकळ्या गप्पा त्या आवारात मी त्याआधी कधी मारल्या नव्हत्या.

लग्न होऊन शिरूरला आले. दौंड-शिरूर म्हणजे चौफुला, न्हावरे करत यायचा रस्ता. अंतर फार नाही, पण एकीकडे रेल्वेचं गाव, दुसरीकडे घोडनदीच्या काठची बाजारपेठ. सासरचे एक काका मुंबईला गिरणीत होते. १९८२च्या संपानंतर कायमचे गावी आले. ते टीव्हीसमोर फारसे बसत नसत. 'दिशा' लागला त्या दिवशी मात्र शेवटपर्यंत बसले. सईंचा १९९०चा हा चित्रपट : पाण्यावाचून ओस पडणारं गाव, मुंबईच्या गिरणीकडे निघालेले नाना पाटेकर आणि रघुवीर यादव, आणि गाव वेडा म्हणत असताना वर्षानुवर्षं एकच विहीर खणत राहिलेला ओम पुरी. गाळ्यात दाटीवाटीने झोपलेले कामगार दिसले तेव्हा काका म्हणाले, "पथारी अशीच. पाळी बदलली की माणूस बदलायचा, पथारी तीच." दुष्काळी वर्षात या तालुक्यातून गेलेल्या माणसांचं असं चित्र मी दुसऱ्या हिंदी चित्रपटात पाहिलेलं नाही. त्यांच्याच 'कथा' आणि 'चश्मे बद्दूर'च्या कौतुकात 'दिशा' मागे पडला याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मी शिकवायची त्या शाळेत स्नेहसंमेलनाची नाटकं माझ्याकडे असत. मुलं मोठ्याने बोलायला आतुर. मी त्यांना एकमेकांकडे पाहून बोलायला लावायची. मागच्या रांगेला ऐकू जात नाही म्हणून पालक तक्रार करायचे. तालमी बघता बघता तयार झालेला वस्तीवरचा एक मुलगा आज एका मराठी मालिकेला सहायक दिग्दर्शक आहे. रोज एक भाग द्यायचा असतो, बारा-बारा तास काम, आणि दृश्य लिहून येतं तेच सकाळी. तो फोनवर म्हणाला, "बाई, विचार करायला वेळच नाही." मी त्याला सईंचं 'सय' पाठवलं, राजहंसने २०१६ साली काढलेलं. त्यात दिल्लीच्या टीव्हीची ती वर्षं आहेत. वेळ त्यांनाही नव्हता, पैसाही नव्हता. लिहिलेलं मात्र त्यांचं स्वतःचं होतं, आणि फरक तिथे पडतो, असं मी त्याला कळवलं.

त्याने उलट विचारलं, 'अडोस पडोस' कुठे बघायला मिळेल? त्या काळी टेप महाग म्हणून पुसून पुन्हा वापरल्या जात. दूरदर्शनचं कितीतरी जुनं काम असंच गेलं. जे उरलं असेल ते शोधून, स्वच्छ करून लोकांना दाखवायला हवं. सई परांजपे यांना २००६मध्ये पद्मभूषण मिळालं, ते योग्यच झालं. पण दिग्दर्शकाचा सन्मान त्याचं काम दिसण्यात असतो. या पोरांना ते बघू द्या, अगदी सगळं, शेवटच्या नावांसकट.