परक्या हृदयाची लय

१९६८च्या फेब्रुवारीत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासांतच गेला. आता अशी माणसं वर्षानुवर्षं जगतात, म्हणून शस्त्रक्रिया मुंबईला झाली तरी धडधड वाढल्याची रात्र धुळ्या-जळगावच्या डॉक्टरकडे येते. आणि तिथे हातात बसलेल्या सवयी चालत नाहीत.

दात्याचं हृदय काढताना त्याचे मज्जातंतू कापले जातात. व्हेगसचा लगाम उरत नाही, त्यामुळे माणूस स्वस्थ बसला असतानाही नाडी ९० ते ११० असते. नाडी फार मंदावली तर ॲट्रोपिनचा उपयोग नाही. ज्या व्हेगसला ते अडवतं, तोच तिथे पोचलेला नसतो. पेसिंगच्या तयारीत राहावं लागतं. ॲडेनोसिनचं उलट. नेहमीचे ६ मिलिग्रॅम दिले तर हृदय धोकादायक वेळ थांबू शकतं, म्हणून मात्रा निम्मी किंवा त्याहूनही कमी. डिल्टियाझेम दिलं की, शरीराने हृदय नाकारू नये म्हणून चालू असलेल्या टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी चढते.

जुन्या पद्धतीने जोडलेल्या हृदयाचा ईसीजी मला फार विलक्षण वाटतो. रुग्णाच्या मूळ आलिंदाचा तुकडा मागे ठेवलेला असतो, म्हणून पट्टीवर पी-लहरी दोन तऱ्हेच्या. घाईत पाहणाऱ्याला तो हार्टब्लॉक वाटतो. कॅलिपर लावून मोजलं की कळतं, एक तऱ्हा क्यूआरएसला धरून चालते, दुसरी आपल्याच चालीने. मूळ तुकड्याचे मज्जातंतू शाबूत असतात. मानेतली कॅरोटिड दाबली तर त्याच्याच लहरी मंदावतात, नवं हृदय आपल्या वेगाने चालूच राहतं.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते पुढे आहे. पेशंट सांगतो, “दम लागस, डॉक्टरसाहेब, पन छातीम्हा काहीच दुखत नही.” खरंच दुखत नसतं. तंतू तुटल्यामुळे रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी बहुतेकांना कळ येत नाही. म्हणून लयीकडे लक्ष ठेवावं लागतं. प्रत्यारोपणानंतर बऱ्याच काळाने नव्याने सुरू झालेलं एट्रियल फ्लटर किंवा फिब्रिलेशन ही कधी कधी शरीर हृदय नाकारू लागल्याची पहिली खूण असते. औषधाने लय जागेवर आणून घरी धाडणं पुरेसं नाही. गोळ्या चुकल्या का, उलट्या-जुलाब झाले का, कुणी नवं अँटिबायोटिक दिलं का, हे घरच्यांना खोदून विचारायचं. एको करायचा, आणि पहाट व्हायची वाट न पाहता प्रत्यारोपण केलेल्या टीमला फोन लावायचा. बायोप्सीचा निर्णय त्यांचा, पण तो वेळेत होणं आमच्या फोनवर अवलंबून असतं.