साडेसहा तास की सोळा तास?

लेक परदेशी शिकायला निघाली की घरात दोन प्रश्न हमखास निघतात. किती लांब आहे? आणि किती वेळ लागतो? आपल्याला एस.टी.ची सवय. अंतर कळले की वेळ कळते. विमानाचा हिशेब मात्र वेगळा असतो, आणि तो घरच्यांना ठाऊक नसला की जीव टांगणीला लागतो.

मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ अंतर सुमारे 12,500 किलोमीटर आहे. सरळ म्हणजे भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून नव्हे. शाळेतल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहा. तो मध्य आशियावरून उत्तर युरोपकडे चढतो आणि ग्रीनलँडजवळून खाली उतरतो. ताशी नऊशेच्या वेगाने हे अंतर चौदा तासांत संपायला हवे. पण वर आकाशात वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. जाताना तो समोरून येतो, म्हणून थेट विमानालाही सुमारे सोळा तास लागतात. परतीला तोच वारा पाठीशी असतो, वेळ वाचते. शिवाय एखाद्या देशाने आपले आकाश बंद केले की वळसा पडतो. 2022 साली रशियाने तसे केले, तेव्हा हेलसिंकी ते टोकियो हा नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला.

खरा घोटाळा घड्याळाचा. 2025 च्या ऑगस्टमध्ये आमच्या वस्तीतली एक मुलगी शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला निघाली. तिकिटावर रात्री 1 ला निघणे, सकाळी साडेसातला पोहोचणे. आईने साडेसहा तास धरले. सकाळी आठपासून ती माउली फोन हातात घेऊन बसली. दुपारपर्यंत घरात चूल पेटली नव्हती. दोनच महिन्यांपूर्वी अहमदाबादला विमान कोसळले होते, ते सगळ्यांच्या डोळ्यांपुढे. शेजाऱ्यांनी आम्हाला बोलावले. आम्ही कारकून माणूस, कागदावर आकडे मांडले. "ताई, ही साडेसातची वेळ तिकडची आहे. उन्हाळ्यात तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे पाच. पोरगी अजून आकाशातच आहे."

"खरं ना भाऊ?" एवढेच त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. सहा वाजून गेल्यावर फोन वाजला.

तेव्हा आयाबायांनो, मूल निघण्याआधी त्याच्याकडून एक कागद लिहून घ्या. सुटण्याची वेळ, मध्ये विमान बदलायचे असेल तर कुठे आणि किती तास थांबायचे, शेवटी पोहोचण्याची वेळ, सगळे आपल्या घड्याळाप्रमाणे. उतरल्यावर तपासणीच्या रांगेचा आणि सामानाचा तास-दोन तास वेगळा धरा. हिवाळ्यात तिकडचे घड्याळ साडेदहा तास मागे असते, हेही त्यावर लिहा. कागद भिंतीवरच्या घड्याळाखाली चिकटवा. आणि त्या दिवशी घरात वेळेवर स्वयंपाक करा.