शाळेतल्या ॲसिडला वाली कोण?

गेल्या महिन्यात सकाळी सकाळी एका ओळखीच्या पोराचा फोन आला. "भाऊ, आईला दवाखान्यात आणलंय. शाळेत संडास धुताना गुदमरली."

मी गाडीला किक मारून पोहोचलो तेव्हा ताई खाटेवर बसून होत्या. आडवं झालं की खोकल्याची ढास लागायची. नाकाला ऑक्सिजनची नळी, डोळे लालबुंद. त्यांच्याकडून आणि पोराकडून तुकड्या-तुकड्याने कळलं ते असं. शाळेत दुसऱ्या दिवशी तपासणी होती. संडास चकाचक पाहिजे असं वरून सांगणं आलं. ताईंनी आधी टॉयलेटचं ॲसिड टाकलं. डाग निघेनात. कोपऱ्यात टीसीएल पावडरचा डबा होता, तीच पावडर जी ग्रामपंचायतीचा माणूस पाण्याच्या टाकीत टाकतो. ताईंनी विचार केला, दोन्ही साफसफाईचंच सामान आहे, एकत्र टाकलं तर दुप्पट काम करेल. वरून दोन ओंजळी पावडर टाकली आणि घासायला खाली बसल्या. हवेला जागा म्हणाल तर वीतभर झरोका.

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. टॉयलेटचं ॲसिड बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक असतं. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. हा वायू हवेपेक्षा जवळपास अडीच पट जड. तो वर जात नाही, जमिनीलगत साचतो. म्हणजे उभ्या माणसापेक्षा खाली बसून फरशी घासणाऱ्या बाईच्या नाकात आधी जातो. एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन सैन्याने शत्रूच्या खंदकांवर सोडला होता तो हाच वायू. खंदकात का, तर तो खाली उतरतो म्हणून. शंभर वर्षांनंतर आपल्या शाळांच्या संडासात तो अजून तयार होतोय, आणि डब्यावर कुठेच लिहिलेलं नाही की याच्यात ते टाकू नका. कसं लिहिलेलं असेल? ॲसिड सायकलवाल्याकडून घेतलेलं, कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत.

ताई वाचल्या. तिसऱ्या दिवशी घरी गेल्या. मी बातमी केली. खोटं कशाला सांगू, तीन ओळींची केली. 'शाळेतील महिला कर्मचाऱ्यास भोवळ.' संस्थेत ओळखीची माणसं, वर्षाला दोन जाहिराती, हे सगळं टाइप करताना डोक्यात होतं. क्लोरीन हा शब्द मीच गाळला.

आणि त्या तीन ओळींतही एक चूक निघाली. संस्थेतल्या एका कारकुनाचा फोन आला, "भाऊ, ती बाई आमची कर्मचारी नाही. दुरुस्ती छापा."

मी चिडलो. नंतर कागद काढून बघितले, तर माणूस कागदाने बरोबर बोलत होता. ११ डिसेंबर २०२० चा शासन निर्णय आहे. अनुदानित शाळांतली शिपाई, सफाईगार, पहारेकरी, प्रयोगशाळा परिचर वगैरे चतुर्थश्रेणीची पदं, माणूस निवृत्त झाला की संपत जाणार. त्याच्या जागी नवीन माणूस नाही, शाळेला शिपाई भत्ता. ग्रामीण भागात महिन्याला ५ हजार रुपये, महापालिका हद्दीत साडेसात हजार, मुंबई-पुण्यात दहा. त्या पैशात शाळेने कुणालातरी लावून घ्यायचं. म्हणून ताई हजेरीपटावर नाहीत. सेवापुस्तक नाही, रजा नाही. तीन दिवस दवाखान्यात राहिल्या त्याचा खर्च पोराने उसनवारीने भागवला.

यावर संस्थाचालकांनी, मुख्याध्यापक संघटनांनी तेव्हा ओरड केली होती. ती पदांबद्दल होती, पगाराबद्दल होती, आणि रास्त होती. पण त्या पदाबरोबर शाळेतून आणखी काय गेलं, याचा विचार मी तरी आबांना भेटेपर्यंत केला नव्हता.

आबा म्हणजे आमच्या वेळचे प्रयोगशाळा परिचर. मी ज्या शाळेत शिकलो तिथे त्यांनी तीसेक वर्षं बाटल्या धुतल्या. त्यांच्या बोटांची टोकं कायम पिवळी असायची. आम्ही पोरं म्हणायचो, आबांना हळद लागली. नायट्रिक ॲसिडने कातडी तशी पिवळी पडते आणि धुऊन जात नाही, ती कातडी गळेल तेव्हाच जाते, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. शर्टाला पोटाजवळ बारीक भोकं, ती सल्फ्युरिकची. हातमोजे नाहीत, चष्मा नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "काही व्हत नही रे भो, सवय शे."

ताईंचं झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. आता थकलेत, पण रसायनांची मांडणी तोंडपाठ आहे. मोठ्या बाटल्या खालच्या फळीवर, खांद्याच्या वर ॲसिड ठेवायचंच नाही, कारण पडली तर तोंडावर पडते. नायट्रिक स्पिरिटच्या शेजारी नको. सोडियम रॉकेलमध्ये, आणि ती बाटली नळापासून लांब. पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडात पाणी नाही. उन्हाळ्यात अमोनियाची बाटली उघडायची तर आधी थंड पाण्यात ठेवायची, नाहीतर झाकण काढताच डोळ्यावर येते. हे सगळं त्यांना त्यांच्या आधीच्या परिचराने शिकवलं. त्याला कुणी शिकवलं, देव जाणे. प्रशिक्षण असं नाव असलेलं काही त्यांना सगळ्या नोकरीत मिळालं नाही.

उन्हाळ्याचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपला आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो. इथर साधारण ३५ अंशांना उकळतं. म्हणजे आपल्याकडे बंद खोलीतलं इथर नुसत्या हवेच्या उष्णतेने उकळीला येऊ शकतं. आणि शाळा मे महिनाभर बंद. प्रयोगशाळा पत्र्याखाली किंवा सगळ्यात वरच्या मजल्यावर, खिडक्या लावलेल्या. जूनमध्ये ती खोली पहिल्यांदा उघडतं कोण? शिक्षक नाही. झाडायला जाणारी बाई उघडते. जीवशास्त्राच्या कपाटात बेडूक-साप ठेवलेले असतात त्या बरण्यांतलं फॉर्मॅलिनही तेवढ्यात थोडं थोडं उडालेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला २००४ सालीच माणसात कर्करोग करणारं ठरवलंय. त्या वासाला आपण 'प्रयोगशाळेचा वास' म्हणत मोठे झालो.

आबा निवृत्त झाले तेव्हा हार-नारळ झालं, भाषणं झाली. बाटल्या कुणाच्या ताब्यात दिल्या? "किल्ली ऑफिसमध्ये दिली," म्हणाले.

आता नियमाचं बघू. १८ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲसिड हल्ल्यांच्या प्रकरणात, लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या याचिकेत, आदेश दिला. त्यातला दुकानदारांचा भाग सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे ओळखपत्र घ्या, नोंद ठेवा, १८ वर्षांखालच्यांना देऊ नका. पण त्याच आदेशात शैक्षणिक संस्थांसाठी वेगळा भाग आहे. ज्या संस्थेत ॲसिड ठेवलं जातं तिने वापराचं रजिस्टर ठेवायचं आणि ते उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या प्रांतसाहेबांकडे, सादर करायचं. ॲसिडच्या ताब्याला आणि सुरक्षिततेला एक जबाबदार माणूस नेमायचा. ॲसिड त्याच्या देखरेखीखाली राहील, आणि प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्यांची तपासणी होईल.

आदेश काढताना कोर्टासमोर बाहेर जाऊन कुणाच्या तोंडावर फेकलं जाणारं ॲसिड होतं. आतल्या आत ते ज्याच्या हातावर सांडतं तो माणूस विषयच नव्हता. तरी रजिस्टर आणि एक जबाबदार नाव, एवढं जरी झालं असतं तरी ताईंच्या वेळी कुणाकडे तरी बोट दाखवता आलं असतं.

मी गेल्या पंधरा दिवसांत दोन्ही जिल्ह्यांतल्या सात शाळांत गेलो. नावं लिहीत नाही, कारण सगळ्यांनी चहा पाजला आणि खरं सांगितलं. ॲसिडचं रजिस्टर एकाही ठिकाणी दिसलं नाही. एका ठिकाणी डेडस्टॉक रजिस्टर पुढे केलं, त्यात परीक्षानळ्या मोजलेल्या होत्या. जबाबदार कोण, यावर विज्ञानाच्या सरांनी मुख्याध्यापकांकडे बघितलं, मुख्याध्यापकांनी खिडकीकडे. एक सर मात्र म्हणाले, "मी बारावीचं प्रॅक्टिकल घेतो, पेपर तपासतो, निवडणुकीचं काम करतो. बेसिनमध्ये काय ओतलं ते बघायला मी थांबू शकत नाही." तेही खोटं नाही.

कारखान्यात सगळं आलबेल असतं असं म्हणायचं नाही मला. ३१ ऑगस्ट २०१९, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, शिरपूरजवळ वाघाडीला रसायन कारखान्यात स्फोट झाला तेव्हा मी तिथे गेलो होतो. बाराहून जास्त माणसं गेली. पण तिथे दुसऱ्या दिवसापासून विचारायला माणसं तरी होती. औद्योगिक सुरक्षा संचालनालय आलं, गुन्हा दाखल झाला, मदत जाहीर झाली. कारखान्यावर निरीक्षक असतो, तो चांगला असो की वाईट. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखान्यांच्या कायद्यात धोकादायक रसायनांचं आख्खं प्रकरण घातलं गेलं. शाळा कारखाना नाही, म्हणून तो निरीक्षक शाळेत येत नाही. शिक्षण खात्याचा अधिकारी येतो तो पटसंख्या बघतो, पोषण आहार बघतो आणि हल्ली सीसीटीव्ही बघतो. संडास चकाचक आहे का हेही बघतो. तो कशाने चकाचक झाला, ते नाही.

खर्चाचं कुणी सांगू नका. रबरी हातमोजे, साधा चष्मा, वाळूची बादली, सांडलेल्या ॲसिडवर टाकायला खाण्याचा सोडा. डोळ्यात उडालं तर पंधरा मिनिटं सलग वाहत्या पाण्याखाली धरायला चालू नळ. टीसीएल एका खोलीत, टॉयलेटचं ॲसिड दुसऱ्या खोलीत. वायू सुटलाच तर नाक दाबून बादली उचलायला जायचं नाही, सगळं टाकून उघड्यावर यायचं आणि १०८ ला फोन करायचा. आणि बाटलीवर मराठीत चिठ्ठी.

चिठ्ठीवरून आठवलं. ताई आठवड्याने परत कामावर गेल्या. नाही गेल्या तर दुसरी बाई लागेल, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. जायच्या आदल्या संध्याकाळी पोराला घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "भाऊ, पेपरात नको लिहू आता. डब्यावर चिकटवायला एक चिठ्ठी लिहून दे. ठळक अक्षरात. दुसरी कुणी बाई आली तर तिला वाचता यायला पाहिजे." मी लिहून दिलं : 'ह्या पावडरमध्ये ॲसिड टाकू नये. जीव जाईल.' वर त्यांनी सांगितल्याप्रमाणे लाल पेनाने फुली मारली.

पेपरात जे तीन ओळींत उरकलं ते इथे पूर्ण लिहिलंय. ताईंना विचारून लिहिलंय, शाळेचं नाव त्यांच्याच सांगण्यावरून गाळलंय.

सोमवारी मी माहिती अधिकाराचे दोन अर्ज टाकले आहेत, एक जळगाव जिल्ह्यात, एक धुळे जिल्ह्यात. २०१३ च्या आदेशानुसार किती शाळा-कॉलेजांनी ॲसिड वापराचं रजिस्टर प्रांत कार्यालयात सादर केलं, त्याच्या वर्षवार संख्या द्या, एवढंच विचारलंय. अर्ज दीडशे शब्दांत बसवावा लागतो, माझा साठ शब्दांत संपला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. उत्तर द्यायला ३० दिवस आहेत. तोवर तुमच्यापैकी कुणी शाळा व्यवस्थापन समितीवर असेल, तर पुढच्या बैठकीत प्रयोगशाळेची किल्ली कुणाकडे असते एवढं विचारा आणि काय उत्तर मिळालं ते खाली लिहा. शाळेचं नाव नाही टाकलंत तरी चालेल, तालुका टाका. अर्जांची उत्तरं आली की मी इथेच टाकतो.